भाच्याची रायफल आणि मामाचा लेथ

प्रश्न : मी कुरवंड्याचा. पिंपरीतल्या कारखान्यात टर्नर होतो, आता निवृत्त आहे. माझा भाचा अमेरिकेत, टेक्सासमध्ये असतो. सैन्यातून बाद झालेल्या जुन्या रायफली विकत घ्यायच्या, घरच्या गॅरेजमध्ये खोलायच्या आणि दुरुस्त करायच्या, असा छंद त्याला लागला आहे. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने एक रायफल दाखवली. तिच्या लोखंडावर ‘आर.एफ.आय.’ आणि १९६८ असं ठोकलेलं होतं. म्हणाला, “मामा, ही आपल्याकडचीच आहे.” आपली रायफल तिकडे कशी गेली? ती थ्री नॉट थ्रीच ना? लेथवर माझा हात बसलेला आहे, मग हे काम मला का जमू नये? आणि आमच्या गावाला खेटून आयएनएस शिवाजी आहे, पुण्यात खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आहे, तरी आपल्याकडे हा छंद कुणी करताना दिसत नाही, असं का?

उत्तर : भाच्याने मामाला चांगलंच भरीस घातलेलं दिसतं. तुमच्या पत्रात एकात एक गुंतलेले चार प्रश्न आहेत. आधी रायफलीचा सोडवू, म्हणजे पुढचे आपोआप सुटत जातील.

आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीच्या काठी हा कारखाना आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून तिथे ली-एनफील्ड पद्धतीची .३०३ रायफल बनत होती. आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो, ती हीच. १९६२ च्या चीन युद्धात आपल्या बहुतेक जवानांच्या हातात तीच होती. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, मग पुढची गोळी. त्यानंतर सैन्याने ७.६२ मिलिमीटरचं काडतूस घेतलं आणि त्यासाठी आपोआप भरली जाणारी एसएलआर इशापूरलाच बनू लागली. पण नवी रायफल साऱ्या पलटणींना पुरेल इतकी बनायला वेळ लागतो. म्हणून कारागिरांच्या हाताला सवयीचा असलेला ली-एनफील्डचा जुना आराखडा घेऊन, नव्या काडतुसासाठी एक रायफल केली गेली. तिचं नाव टू-ए, आणि थोड्याच काळात सुधारून आलेली टू-ए-वन. भाच्याच्या रायफलीवर १९६८ आहे, म्हणजे ती बहुधा टू-ए-वन असणार. आर.एफ.आय.च्या शेजारी ‘७.६२ एमएम’ असं ठोकलेलं आहे का, ते त्याला पाहायला सांगा.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. ही रायफल म्हणजे .३०३ चीच नळी बदलून केलेली जोडाजोड, असं जाणकार म्हणवणारेही सांगतात. तसं नाही. ७.६२ चं काडतूस जास्त दाबाचं आहे, त्यामुळे रायफलीच्या मूळ अंगासाठीच, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो त्या घडीव तुकड्यासाठी, अधिक चांगलं पोलाद वापरून ती नव्याने बनवली गेली. ओळखायला सोपी खूण मॅगझिनची. .३०३ च्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, त्यामुळे तिचं मॅगझिन तिरकं उतरतं. ७.६२ ला तशी कड नाही, म्हणून टू-ए-वनचं मॅगझिन डब्यासारखं चौकोनी. आणखी एक खूण : टू-ए च्या मागच्या साइटवर २००० मीटरपर्यंतचे आकडे होते, टू-ए-वनवर ते ८०० वर आणले. दोन हजार मीटरवरच्या माणसावर नुसत्या डोळ्याने नेम कोण धरणार? आकडे कमी केले ते योग्यच केलं.

तिकडे गेली कशी, याचं उत्तर दोन देशांच्या धोरणात आहे. सैन्यातून हत्यार बाद झालं की ते आधी राखीव दलांकडे, पोलिसांकडे, होमगार्डकडे उतरतं. त्यातूनही उरलेल्या साठ्यापैकी काही परदेशी व्यापाऱ्यांना घाऊक विकला गेला. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी जुनी हत्यारं आयात करायला बंदी घातली होती. १९८४ मध्ये जुन्या, संग्राह्य हत्यारांपुरती ती सैल झाली आणि इशापूरच्या रायफली तिथल्या दुकानांत पोचल्या. आयात करणाऱ्याला आपलं नाव हत्यारावर कोरावं लागतं. नळीच्या पुढच्या टोकाजवळ बारीक अक्षरं असतील तर ती बहुधा तीच. काही आयातदारांनी नळ्या आखूड करून त्या ‘जंगल कार्बाइन’ म्हणून विकल्या. आपल्या सैन्याने तसं हत्यार वापरलं, असं कुणी भाच्याला सांगितलं असेल तर त्याने ते मनावर घेऊ नये.

आता तुमचा खरा प्रश्न : टर्नरला हे का जमू नये? हाताला जमेलच. पण यात लेथचं काम सगळ्यात कमी आणि मापाचं काम सगळ्यात जास्त आहे. नव्या रायफलीत प्रत्येक सांधा एकमेकाला जुळवून बसवलेला असतो. बाद झालेल्या रायफलीत तो जुळेपणाच हरवलेला असतो, कारण कोठारात कितीदा तरी एकीचा बोल्ट दुसरीला लागतो. म्हणून जाणकार आधी अंगावरचा आणि बोल्टवरचा क्रमांक एकच आहे का ते पाहतो.

हा जुळेपणा कशाला हवा? काडतूस नळीत शिरलं की ते कुठेतरी अडतं. .३०३ मध्ये बुडाची कड अडते, ७.६२ मध्ये काडतुसाचा उतरता खांदा अडतो. अडण्याच्या त्या जागेपासून बोल्टच्या तोंडापर्यंत जे अंतर उरतं, त्याला हेडस्पेस म्हणतात. .३०३ साठी ते साधारण ०.०६४ ते ०.०७४ इंच. म्हणजे सारी सूट दहा थाऊची, आणि थाऊ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. अंतर कमी पडलं तर बोल्ट बंदच होत नाही. जास्त झालं तर गोळी सुटताना पितळी काडतूस मागे ताणलं जातं आणि बुडाजवळ फाटतं. नळीत त्या क्षणी दर चौरस इंचाला ५० हजार पौंडांच्या आसपास दाब असतो. फाटक्या पितळातून तो वायू बोल्टच्या वाटेने मागे येतो, आणि मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो. गॅसकेट सैल झालेल्या कुकरवर आपण शिट्टी ठेवत नाही, त्यातलाच हा प्रकार, फक्त कितीतरी पटींनी घातक.

ली-एनफील्डला हा प्रश्न जास्त भेडसावतो, त्यालाही कारण आहे. तिचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, तर जर्मन माउझरसारख्या रायफलींचा पुढे, काडतुसाच्या लगतच अडकतो. मागे अडकल्यामुळे ली-एनफील्डचा बोल्ट आखूड सरकतो आणि फार चपळ चालतो. पण गोळी सुटली की बोल्टची सगळी लांबी आणि अंगाचं लोखंड दोन्ही किंचित दबतात, ताणतात. हजारो गोळ्यांनंतर ताण मुरतो आणि हेडस्पेस वाढतो. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर फोर रायफलीला शून्य ते तीन अशा चार मापांची सुटी बोल्ट-हेड मिळत, एक बदलून दुसरं लावलं की अंतर जुळायचं. जुन्या शॉर्ट मॅगझिन ली-एनफील्डला अशी क्रमवार मापं नव्हती. तिथे आरमोरर, म्हणजे पलटणीचा हत्यार-मिस्त्री, ढिगातून एकेक बोल्ट-हेड लावून पाही आणि गेजने तपासून जुळणारं निवडी. भाच्याला एवढं जरूर सांगा : ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी दोन गेजं त्याच्याकडे नसतील, तर त्याने रायफल पुसावी, चमकवावी, भिंतीवर लावावी, पण त्यातून गोळी सोडू नये. बाजारात शिकारीसाठी मिळणारं .३०८ विंचेस्टर आणि लष्करी ७.६२ दिसायला जुळी भावंडं आहेत, पण लष्करी काडतुसाचं पितळ सहसा जाड असतं आणि लष्करी रायफलीचा हेडस्पेस सैल असतो. त्यामुळे कोणतं काडतूस चालेल, ते रायफलीचं अंतर मोजल्यावरच ठरवायचं.

लोखंडाइतकंच लाकडाचं काम नाजूक. ली-एनफील्डची नळी पुढच्या लाकडात नुसती ठेवलेली नसते. लाकडाचे दोन कोपरे मागे रायफलीच्या अंगाला घट्ट टेकतात, गोळीचा प्रत्येक धक्का ते सोसतात. तिथे लाकूड झिजलं, तेलाने मऊ पडलं की रायफलीचा नेम फिरतो. बिचारा मालक वर्षभर साइटला दोष देत बसतो. हे कोपरे फुटू नयेत म्हणून इशापूरने आपल्या रायफलींत पुढच्या लाकडातून आडवा स्क्रू घातला. परदेशातले संग्राहक भारतीय रायफल लांबूनच ओळखतात ते या स्क्रूवरून.

आणि एक खोड जवळून पाहण्यासारखी आहे. जुन्या शॉर्ट मॅगझिन रायफलीचा दस्ता काढायचा तर बटाच्या बुडातून लांब स्क्रूड्रायव्हर घालून आतला बोल्ट फिरवायचा, असं कुणालाही वाटेल. पण त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडात बसवलेल्या लोखंडी पट्टीत अडकलेलं असतं, आपोआप सैल होऊ नये म्हणून. पुढचं लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला की चौकोनी टोक पट्टीला फिरवतं आणि पट्टी लाकूड चिरते. पन्नास-साठ वर्षं टिकलेलं लाकूड अर्ध्या फेऱ्यात जातं. नवशिक्याच्या हातून सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच, कारण वरून पाहिलं तर तसं काही अडकलेलं असेल याची खूणच नसते.

साफसफाईचंही शास्त्र आहे. बाद हत्यारं साठवताना त्यांना दाट ग्रीसचा थर देतात. अमेरिकेत त्याला कॉस्मोलिन म्हणतात, आपल्याकडच्या कोठारांत मिनरल जेली. वर्षानुवर्षांनी ती मेणासारखी घट्ट होते, लाकडात मुरते. ती काढायला ऊब आणि धीर लागतो. सँडपेपर मारून ती काढायला गेलं की लाकडावरचे कारखान्याचे शिक्के तिच्याबरोबर जातात, आणि संग्राहकाच्या लेखी रायफलीचं अर्धं मोल तिथेच संपतं. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत अशा रायफली इतक्या स्वस्त होत्या की लोकांनी त्यांचं लाकूड कापून शिकारी रायफली बनवल्या. आता न कापलेल्या, मूळ रूपातल्या रायफलींसाठी लोक धडपडतात. भाच्याला हातोडी-करवत जपून वापरायला सांगण्यामागे मामाचा अनुभव नसेना का, सल्ला मात्र योग्यच ठरेल.

नळीच्या आतला गंज हा याहून मोठा शत्रू. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपणात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाच्याच जातीचा क्षार, नळीतल्या पीळदार खाचांत बसतो आणि हवेतला ओलावा ओढतो. बहुतेकांना वाटतं, तेल लावलं की झालं. पण मीठ तेलात विरघळत नाही. ते पाण्यात विरघळतं. म्हणून त्या काळातले ब्रिटिश सैनिक आधी नळीतून उकळतं पाणी ओतत, मग कोरडी चिंधी फिरवत आणि शेवटी तेल देत. आपल्या एनसीसीच्या मुलांना पुलथ्रूला, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीला, चार बाय दोन इंचांची चिंधी लावून नळी पुसायला शिकवतात, त्या सवयीचं मूळ तिथेच आहे. कुरवंड्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. अशा हवेत हा क्षार राहिला तर नळीच्या खाचा एका मोसमात खरबरीत होतील. टेक्सासच्या कोरड्या भागात भाच्याला थोडी सवलत मिळेल, इतकंच.

आता कायद्याकडे येऊ, कारण ‘आपल्याकडे का नाही’ याचं उत्तर तिथे आहे, आणि ते आजचं नाही. १८५७ नंतर धास्तावलेल्या इंग्रज सरकारने १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा आणून परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी केली. पुढे आणखी एक भीती आली : परवान्याने बंदूक मिळाली तरी लष्करी काडतूस तिच्यात बसलं तर? कोठारातून चोरलेल्या दारूगोळ्याला गिऱ्हाईक मिळणार. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात .४५० बोअरच्या शिकारी रायफली हिंदुस्थानात आणायलाच मनाई झाली, कारण मार्टिनी-हेन्री ही लष्करी रायफल त्याच व्यासाची होती. इंग्लंडच्या बंदूकवाल्यांना आपलं मोठं गिऱ्हाईक, इथले राजेरजवाडे आणि शिकारी साहेब, हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. त्यांनी .४६५ आणि .४७० अशी वेगळी मापं काढली. तीच मापं पुढे आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीसाठी नावाजली, पण त्यांच्या जन्माचं निमित्त आपल्याकडची बंदी होती.

आपली .३१५ बोअरची रायफल याच विचारातून आली. सामान्य परवानाधारकासाठी इशापूरने ली-एनफील्डचाच आराखडा घेतला आणि त्याला .३१५ ची नळी लावली. .३०३ चं काडतूस तिच्या कप्प्यापेक्षा लांब आहे, म्हणून ते तिच्यात बसतच नाही. गावात एखाद्याकडे परवान्याची .३१५ असेल तर तिचा बोल्ट पाहा. भाच्याच्या रायफलीची ती चुलत बहीण आहे हे लगेच कळेल.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. तत्त्व तेच राहिलं. त्याच्या नियमांच्या पहिल्याच परिशिष्टात .३०३ आणि ७.६२ च्या रायफली, तसंच तीच लष्करी काडतुसं चालवू शकणारी कुठलीही रायफल, प्रतिबंधित वर्गात घातली आहे. .४१० बोअरची मस्केटसुद्धा त्यात नावानिशी आहे. ही मस्केट म्हणजे जुन्या .३०३ ची नळी आतून गुळगुळीत करून तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी इशापूरने केलेलं हत्यार. म्हणजे बाद लष्करी रायफल बदलून तिला साधी केली, तरी कायदा तिला साधी मानत नाही. अशा प्रतिबंधित हत्याराचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती नसतो, तो फक्त केंद्र सरकार देतं. त्यामुळे सैन्याच्या बाद रायफलींचा बाजार आपल्याकडे उभाच राहू शकत नाही. कच्चा मालच नाही, तर छंद कुठून येणार?

दुसरी रेघ तुमच्या लेथजवळ ओढलेली आहे. त्या कायद्याच्या कलम ५ मध्ये हत्यार बनवणं आणि विकणं यांच्याच रांगेत ‘दुरुस्त करणं’, ‘रूपांतर करणं’ आणि ‘चाचणी घेणं’ हेही आहे. या प्रत्येकाला परवाना लागतो. नळी आखूड करायला किंवा खेळण्यातल्या बंदुकीला खरी करायला कलम ६ वेगळं आहे. आणि ‘हत्यार’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात. तुम्ही भाच्यासाठी हौस म्हणून एखादा बोल्ट-हेड घासून दिला, तरी कायद्याच्या भाषेत तुम्ही हत्यारच बनवलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय हे केलं तर किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आणली. अमेरिकेत याउलट चालतं. तिथला संघराज्याचा कायदा स्वतःच्या वापरासाठी स्वतःची बंदूक दुरुस्त करायला, अगदी बनवायलाही, परवाना मागत नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचं काम करायचं तर मात्र मागतो, आणि काही राज्यांचे नियम त्याहून कडक आहेत. भाचा नियमात आहे. तुम्ही त्याच्यासाठी इथे एक स्क्रू जरी कातलात, तरी नियमाबाहेर जाल.

हे कडक वाटेल, पण मला ते योग्य वाटतं. वर हेडस्पेसचं सांगितलं, त्यात चुकलेल्या कारागिराची चूक त्याला स्वतःला कळत नाही. ती कळते ती नंतर, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात रायफल असताना. हिशेब ठेवणारा, ज्याच्या वहीत प्रत्येक हत्याराची नोंद आहे असा परवानाधारक दुरुस्तीवाला त्या जागी असणं, हा सगळ्यांच्याच हिताचा भाग आहे. खंत मला वेगळी आहे. हे जाणकार आता थोडे उरले आहेत, आणि त्यांच्या हातातलं, विशेषतः लाकूड जुळवण्याचं काम नव्या पिढीने शिकावं असं वातावरण नाही. तुमच्यासारख्या माणसाला परवानाधारकाच्या कार्यशाळेत उमेदवारी करायची रीतसर सोय असती, तर ती कला गावोगाव टिकली असती.

आयएनएस शिवाजीबद्दल थोडक्यात. १९४५ पासून तुमच्या शेजारी असलेली ही संस्था नौदलाच्या अभियांत्रिकी प्रशिक्षणाची आहे. तिथे जहाजांची इंजिनं, बॉयलर, टर्बाइन शिकवतात. कुंपणावरच्या पाट्या पाहून तिथे बंदुकांचं कोठार असेल असं वाटतं, पण तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची, तीही काडतुसं आणि दारूगोळा बनवते, रायफली नाहीत. रायफलीशी पुण्याचं खरं नातं पाषाणच्या एआरडीई या संशोधन संस्थेचं. इन्सास रायफलीचा आराखडा तिथे झाला.

तुम्हाला हात चालवायचाच असेल तर एक मोकळी वाट आहे. .१७७ बोअरच्या आतल्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तिचा जोर वाढवायच्या फंदात मात्र पडू नये, तिथे पुन्हा कायदा सुरू होतो. तिच्या लाकडाचा दस्ता नेमबाजाच्या खांद्याला, गालाला आणि तळव्याला जुळवून करणं हे फार बारीक काम आहे, आणि त्याची गरजही खरी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून बालेवाडीच्या रेंजवर पोरांची गर्दी वाढायला निमित्त मिळालं आहे. त्यांच्यातल्या एखाद्याला अंगाला नीट बसणारा दस्ता हवाच असतो, आणि लाकूड कातणारा, मापाला पक्का टर्नर सहज सापडत नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर लांब नळीची गंजलेली बंदूक सापडली. उंबरखिंडीच्या लढाईतली असावी असं घरचे म्हणतात. बोल्ट वगैरे काही नाही, नुसता घोडा आणि त्याखाली बारीक बोंडी. मोडकी आहे, तर घरात शोभेला ठेवली तर चालेल का?

उत्तर : कुरवंड्याच्या घाटाने मोगल सरदार कारतलबखान खाली उतरला आणि उंबरखिंडीत अडकला, ते फेब्रुवारी १६६१ मध्ये. त्या काळातली बंदूक तोड्याची असे, म्हणजे जळती दोरी दारूला लावून ती उडवत. तुम्ही जी बोंडी सांगता, तिच्यावर छोटी तांब्याची टोपी बसवून घोडा आपटायचा असतो. अशी टोपीची बंदूक एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आली. म्हणजे लढाई आणि तुमची बंदूक यांत दीडशेहून अधिक वर्षांचं अंतर आहे. बहुधा ती आजोबा-पणजोबांची ठासणीची बंदूक असावी, रानडुकरांपासून शेत राखायची. अशा बंदुकीचा पीकरक्षणासाठीचा परवाना कायद्यात आजही आहे, आणि घाटाखालच्या कोकणात तो अजून अनेकांकडे आहे. दस्त्यावर किंवा नळीवर आकडे ठोकलेले आहेत का ते पाहा. असतील तर जुन्या परवान्याचा माग त्यावरून काढता येईल.

मोडकी म्हणून ठेवायला हरकत नाही, हा समज मात्र सोडा. कायद्यात जुन्या पद्धतीच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट आहे, पण अट अशी की दुरुस्त करूनही ते चालू शकणार नाही. ते चालेल की नाही हे मालकाने ठरवायचं नसतं. पोलीस ठाण्यात लेखी कळवा. वारसाहक्काने आलेली असेल तर तिथून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज जातो, आणि निकाल लागेपर्यंत बंदूक ठाण्यातच जमा राहते. निवडणुकीच्या काळात परवान्याच्या बंदुका जमा करताना गावात पाहिलं असेल, साधारण तशीच पावती मिळते.

पोलीस येईपर्यंत तिला हात लावू नका, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. ठासणीची बंदूक पुष्कळदा भरलेलीच माळ्यावर टाकलेली असते, कारण एकदा ठासलेली दारू काढणं कटकटीचं असतं. काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेटते. आत काय आहे ते पाहायला नळीत तार किंवा गज घालू नका, गंज काढायला घोडा ठोकू नका, कुणी वेल्डिंगवाल्याकडे न्यायचं म्हणालं तर अडवा. नळीचं तोंड भिंतीकडे असेल तर ते तसंच राहू द्या आणि मुलांना त्या माळ्यावर चढू देऊ नका.